हद्द कायम मोजणी

द्वारका चौकात, टायरच्या दुकानावर,
दुसऱ्या मजल्याला माझा समुद्र आहे.
खालून ट्रक जातात कसारा घाट उतरायला
आणि मी किनाऱ्यापासून पाचशे मैल आत
पाण्यावर रेघ मारत बसते.

काम साधं. दूर कुठेतरी ठरतं
की इथून इथपर्यंत जाळं टाकायचं नाही.
चार कोपऱ्यांचे आकडे येतात,
मी ते जोडते. चौकोन होतो.
निळ्यावर हिरवा, छान दिसतो.
कुप्याला दिसत नाही.

वडील मोजणीदार होते, निफाड तालुक्यात.
हद्दीच्या दगडाखाली ते कोळसा पुरायचे.
दगड रात्रीतून सरकतो, म्हणायचे,
कोळसा सरकत नाही.
माझं काम दाखवलं तेव्हा
बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले,
चंची उघडली, परत बांधली.
"आणि ह्यात कोळसा कुठे पुरतेस?"

एक कुपा होता, पाठीवर यंत्र टोचलेला,
क्रमांक एकशे बारा.
मेहजबीन त्याला बारकू म्हणायची.
चाळीस किलोचा बारकू!
एकोणीस दिवस चौकोनात राहिला.
विसाव्या दिवशी वरचं पाणी तापलं
आणि तो निघाला गारव्यामागे,
माकुळांच्या थव्यामागे,
ईशान्येच्या कोपऱ्यातून बाहेर.

बाहेर, अगदी बांधाला लागून,
सात बोटी उभ्या होत्या.
हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
बांध कसा कोरतात ते लहानपणापासून पाहिलंय:
पाऊल आपल्याच रानात,
फाळ तेवढा जरा तिरका.

त्या रात्रीनंतर बारकूचा ठिपका
सरळ चालू लागला. ताशी दहा मैल.
ना वळण, ना बुडी.
"बघ, काय पोहतोय!" मेहजबीन म्हणाली.
मी चहा घेतला.
मासा इतका सरळ कधीच जात नाही.
पाचव्या दिवशी ठिपका एका बंदरात शिरला
आणि शीतगृहाच्या पत्त्यावर थांबला.
तिने तो पुसला नाही. अजून आहे.

रविवारी तपोवनाकडे गेले, उगाच.
सिंहस्थात इथे फक्कीच्या रेघा होत्या,
रेघांना नंबर, नंबरांना नळ,
कुणाच्या तरी शेतात आखलेलं अख्खं गाव.
मेळा उठला आणि हिवाळ्यात
त्याच रेघांवर मेथी हातभर झाली.
हद्द खोटी होती असं कुणी म्हटलं नाही.
तारखेपुरती खरी होती.
गर्दी यायच्या आधी जागा राखायची,
गेली की सोडायची,
हे आमचं शहर करतं की,
कुरकुरत, भांडत, मोबदल्याचे अर्ज घालत,
पण करतं.

सोमवारी चौकोन पुसला.
पाण्याखाली दोन डोंगर आहेत,
कुपे दर साल त्यांच्यावर घिरट्या घालतात;
ते कायम राखले. कोळसा तिथे, अण्णा.
बाकीची रेघ पाण्याच्या तापाबरोबर सरकती,
सांडलेल्या आमटीसारखी, कोपरे नसलेली,
आणि बांधाबाहेर बारा मैल मोकळे,
फाळ तिरका करणाऱ्यांसाठी.

साहेबांनी चष्मा कपाळावर नेला.
"दर आठवड्याला हलणारी हद्द? बोटींना कळणार कशी?"
माशाचा भाव त्यांना मिनिटाला कळतो, म्हटलं.
ते हसले. पुढे पाठवतो म्हणाले.
पाठवतील, न पाठवतील.
आणि पाठवली तरी पाळणार कोण,
ह्याचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे:
रात्री दिवे बंद करून कोणती बोट कुठे गेली
ते मोजणारं आणखी एक यंत्र, आणखी एक खोली,
आणखी एक बाई, झोप न येणारी.

संध्याकाळी निफाडहून फोन.
खोकला, मग नेहमीचा प्रश्न,
जसा ते स्वतःच्या साखळीवाल्याला विचारत:
"झाली का मोजणी?"

या आठवड्याची झाली, म्हटलं.